माठाशेजारची बाटली

मे महिन्यातली दुपार. जेवणं उरकून मी ओटा पुसत होते, तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकांचा फोन आला. ही त्यांची झोपेची वेळ, त्यामुळे नाव बघूनच काळजात चर्र झालं. "अगं, ती तुझी बाटली गेली बघ," ते म्हणाले. कुठली बाटली, गेली म्हणजे काय, मला काही उमगेना. मग त्यांनी सावकाश सांगितलं. मी दोन दिवसांपूर्वी दिलेली आलं-आंब्याची बाटली फुटली होती. "कुणाला काही झालं नाही, घाबरू नको. काचा मी गोळा केल्यात. येणार असलीस तर चपला घालून ये." मी हो म्हणून फोन ठेवणार, तर पलीकडून आवाज आला, "एक विचारू? माझ्याकडनं काय चुकलं काय गं?"

खाली गेले तर दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात खिडकीखाली तिवईवर त्यांचा माठ असतो, ओलं फडकं गुंडाळलेला. त्याच्याशेजारी बाटली ठेवली होती. माठ शाबूत होता. भिंतीवर मात्र पिवळा फराटा उठला होता, पार घड्याळाच्या उंचीपर्यंत, आणि त्यातून आमरस अजून ओघळत होता. आलं आणि हापूस यांचा वास खोलीभर भरला होता. एरवी ज्या वासानं मला बरं वाटतं तोच तो. काचा एका वर्तमानपत्रावर नीट लावून ठेवल्या होत्या, मोठ्या एकीकडे, बारीक एकीकडे. कपाटाच्या लाकडी दाराला एक तुकडा रुतला होता. तो त्यांनी काढला नव्हता, मला दाखवायला ठेवला होता की काय कोण जाणे. आणि खाली फरशीवर त्यांच्या नातीचा चित्रांचा कागद होता. ती नाशिकहून सुट्टीला आली होती, सहा वर्षांची. माठाजवळची फरशी गार असते म्हणून ती रोज दुपारी तिथेच पालथी पडून रंगवत बसायची. त्या दिवशी तिची आत्या तिला घेऊन गेली होती. कागदावर अर्धा निळा मोर होता आणि मोराच्या मानेवर साखरेच्या दाण्याएवढा काचेचा कण चमकत होता. मी तो बोटानं टिपला. कागद ओला झालेला नव्हता.

काका एका शब्दानं रागावले नाहीत. उलट मलाच पाणी दिलं, त्याच माठातलं.

त्यांचा प्रश्न मात्र मी घरी घेऊन आले, आणि तो काही केल्या मिटेना. बाटली माझी. आतलं पेय माझ्या हातचं. बूच मी लावलेलं. आणि आपलं काय चुकलं, हे ते मला विचारत होते.

हे सगळं माझ्या घरात शिरलं ते सात-आठ वर्षांपूर्वी. बंगळूरला राहणाऱ्या मैत्रिणीनं येताना एका बरणीत काळ्या चहात तरंगणारी पांढुरकी चकती आणली होती. कोंबुचाची, म्हणजे आंबवलेल्या चहाची. हातात घेतली तर शहाळ्यातल्या मलईसारखी लागली, गार, गुळगुळीत, ओढली तर चिवट. पुढे वाचताना कळलं की ही तुलना अगदीच हवेतली नाही. चहावर ही साय विणणाऱ्या जिवाणूंचेच भाईबंद फिलिपिन्समध्ये नारळाच्या पाण्यावर नाटा डी कोको नावाची खायची जाड साय धरतात. चहात साखर घालायची, ती यीस्ट खातं, त्याचा थोडा मद्यार्क होतो, तो मद्यार्क हे जिवाणू खातात आणि त्याचं आंबट आम्ल करतात. एकाचं उष्टं दुसऱ्याच्या पानात. आठ-दहा दिवसांत चहाची चव बदलत बदलत कुठल्या कुठे जाते. मला त्या बरणीचं वेड लागलं. सकाळी उठल्यावर चहाच्या आधी मी तिचं फडकं वर करून बघायची.

पण जीव जडला तो आल्यावर. कारण आल्याला बाहेरून कुणी काही आणून द्यावं लागत नाही, जे लागतं ते त्याच्या सालीवरच असतं. साताऱ्याचं ताजं आलं, माती धुऊन घ्यायचं पण साल काढायची नाही. जाडसर किसायचं. दोन चमचे कीस, दोन चमचे साखर, दोन कप पाणी. पाणी नळाचं असेल तर रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन उडू द्यायचं. काचेच्या बरणीत हे घालून वर सुती फडकं बांधायचं आणि रोज एक-एक चमचा आलं-साखर घालून ढवळायचं. थंडीत सहा-सात दिवस लागतात, पुण्याच्या उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशीच बुडबुडे धरतात. इंग्रजीत त्याला जिंजर बग म्हणतात. मला ते नाव आवडत नाही. मी त्याला आल्याचं विरजण म्हणते, आणि ते आहेही तेच. आल्याच्या गोड काढ्यात लिंबू पिळून, काढा पूर्ण गार झाल्यावर त्यात हे विरजण अर्धा कप गाळून घालायचं, बाटलीत भरायचं, घट्ट बूच लावायचं आणि एक-दोन दिवस बाहेर ठेवून मग फ्रीजमध्ये. आधी सगळं गोडमिट्ट असतं. दुसऱ्या दिवशी बूच काढलं की आधी एक हुंकार येतो, मग तळातून बारीक मोत्यांच्या माळा वर चढायला लागतात. पहिल्या घोटाला जीभ चुरचुरते, नाकात झिणझिण्या येतात, आणि साखर कमी झालेली असल्यानं आल्याचा तिखटपणा सरळ घशाशी जाऊन बसतो. घरात केलेल्या पाण्यात असा प्राण येतो याचं मला दर वेळी नवल वाटतं. आजही वाटतं, त्या दुपारनंतरही.

बरणीला कान लावून ऐकायची सवय मला आजीकडून लागली. गडहिंग्लजकडे आमचं गाव. उन्हाळ्यात आजी रात्री मडक्यात नाचणीचं पीठ ताकात कालवून ठेवायची, आंबिलीसाठी. सकाळी मडक्याजवळ उकिडवी बसून ती आधी कान लावायची, मग नाक, मग बोट बुडवून जिभेवर. तीन परीक्षा. त्यातून पास झालं तर चुलीवर पाणी आधण. उकळत्या पाण्यात ते आंबलेलं पीठ एका हातानं सोडायचं आणि दुसऱ्या हातानं लाकडी डावानं ढवळत राहायचं. थांबलं की गुठळी झालीच. मग मीठ, जिरं, ठेचलेला लसूण. गार झाल्यावर प्यायच्या वेळी त्यात पुन्हा ताजं ताक. भर उन्हात शेतावरून आलेली माणसं पितळी तांब्यानं आंबील प्यायची आणि तांब्या खाली ठेवल्यावर जो निःश्वास सोडायची, तो आवाज माझ्या कानात आहे. कोल्हापूरला रेणुकेच्या आंबील यात्रेत ती नैवेद्याला असते, भाकरी, भाज्या आणि कांद्याच्या पातीबरोबर. इतकी साधी गोष्ट देवीला चालते, याचं मला लहानपणी फार बरं वाटायचं.

आपल्या भाषेनं हा भेद किती आधी ओळखलाय. दुधाचं दोनांपैकी एक होतं. ते नासतं किंवा विरजतं. दोन्हीकडे ते दूध राहत नाही, दोन्हीकडे ते फुटतं, आंबट होतं. पण नासलेलं दूध म्हणताना तोंड वाकडं होतं आणि विरजलेलं म्हणताना हात कवडी बघायला पुढे जातो. मध्ये फक्त कुणाची तरी देखरेख असते. म्हणूनच उत्साहावर विरजण पडलं असं आपण का म्हणतो, हे मला अजून पटलेलं नाही. ज्या घरात विरजण पडलं त्या घरात दुसऱ्या दिवशी दही असतं.

आजीच्या घरी विरजण मागायला बायका यायच्या. लहान वाटी पदराखाली धरून. तिन्हीसांजेला कुणी आली तर "आता दिवा लागला, सकाळी ये," म्हणून परत पाठवायची; दिवेलागणीनंतर विरजण द्यायचं नाही हा तिचा नेम होता. सकाळी मात्र कुणाला नाही म्हटलेलं मला आठवत नाही. मला आठवतंय ते तिचं बोलणं. चमचाभर विरजण वाटीत टाकायला किती वेळ लागतो? पण ती दहा मिनिटं घ्यायची. दूध कोमट कर, बोट घातलं तर चटका बसता कामा नये. गार दुधाला लावू नको, तार सुटंल. लावल्यावर भांडं हलवू नको. थंडी असली तर तांदळाच्या डब्यात ठेव, उन्हाळा असला तर पाण्याच्या परातीत. सकाळी उशिरा उठणार असशील तर थोडं कमीच लाव, नाहीतर तोंडात घालवणार नाही. समोरच्या बाईला चार पोरं झालेली असायची, तिनं आयुष्यभर दही लावलेलं असायचं, तरी आजी सगळं म्हणायची आणि ती बाईही मान हलवत सगळं ऐकून घ्यायची. मला कंटाळा यायचा. मी दारात एका पायावर उभी राहून म्हणायची, अगं, तिला माहितेय ते.

मी काकांना बाटली दिली तेव्हा काय बोलले होते? "काका, हापूस घातलाय या वेळी. बघा कसं झालंय." एवढंच. बाटलीच्या गळ्यात सुतळीनं एक खाकी चिठ्ठी बांधली होती, तिच्यावर माझ्या अक्षरात "आलं-आंबा" आणि खाली एक पान काढलेलं. पान काढायला मला वेळ होता.

फ्रीजमध्ये ठेवा हेही मी म्हटलं नाही. मी गृहीतच धरलं, गार पेय आहे, कोण बाहेर ठेवेल? काकांना गारठ्यानं खोकला येतो. ते बाराही महिने माठाचंच पाणी पितात, हे मला माहीत होतं. चार वर्षांत मी त्यांच्याकडे फ्रीजमधलं पाणी कधी प्यायलेले नाही. त्यांनी बाटली ठेवली ती त्यांच्या घरातल्या सगळ्यात गार जागी. त्यांच्या बाजूनं काहीच चुकलं नव्हतं.

त्या रात्री मी हिशोब केला, कागदावर. हा हिशोब आधी करायला हवा होता. एक चमचा साखर म्हणजे साधारण 4 ग्रॅम. यीस्टनं ती पूर्ण खाल्ली तर 2 ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड होतो, आणि तो मोकळा सोडला तर एक लिटरहून थोडा जास्तच भरतो. एका चमच्याचा एक लिटर! माझ्या पाऊण लिटरच्या बाटलीत काढ्याची साखर आणि वर 100 ग्रॅम आमरस, म्हणजे त्यातली आणखी 15 ग्रॅम, असं मिळून सोळाएक चमचे साखर होती. बाजारातल्या सोड्यात लिटरभर पाण्यात साडेतीन-चार लिटर वायू दाबलेला असतो. माझ्या बाटलीतली साखर नुसती पाव हिस्सा खाल्ली गेली असती तरी ती त्या सोड्याच्या दीडपट झाली असती. त्यात उकाडा. थंड पाण्यात हा वायू मुरून राहतो; 30 अंशांच्या पाण्यात फ्रीजमधल्या पाण्याच्या निम्माही मुरत नाही, उरलेला बुचाला धडका देतो. शिवाय उष्म्यानं यीस्टची भूक वाढलेली. दोन दिवस ती बाटली माठाशेजारी शांत उभी होती, आणि आत हे चाललं होतं.

लहानपणी यात्रेत गोटी सोडा प्यायचो आम्ही. गाडीवाला लाकडी बुचानं वरची गोटी आत ढकलायचा, ट्टॉक्क असा आवाज व्हायचा आणि आम्ही पोरं एक पाऊल मागे जायचो. ती बाटली हातात जड लागायची, काच बोटभर जाड, हिरवट. गळ्याशी चिमटा काढल्यासारखी खाच. हिरम कॉड नावाच्या इंग्रजानं 1872 मध्ये त्या बाटलीचं पेटंट घेतलं. गोटीला वर दाबून धरणारं दुसरं तिसरं काही नसतं, आतला वायूच तिला गळ्यातल्या रबरावर दाबून बसवतो. इतका जोर आहे म्हणून तर काच इतकी जाड. मी ती बाटली शेकडो वेळा हातात धरली आणि तिच्या वजनाचा अर्थ मला कधी कळला नाही. आणि मुळात सोडा जन्मला तोच आंबवणाच्या पिंपावर. लीड्समध्ये जोसेफ प्रिस्टली हा धर्मोपदेशक दारूच्या भट्टीशेजारी राहायचा. 1767 मध्ये त्यानं तिथल्या फसफसणाऱ्या पिंपांवर साचणाऱ्या हवेत पाणी धरून ठेवलं, त्या पाण्याला गोडसर आंबट चुरचुर आली. तोच वायू. नंतरच्या लोकांनी तो यंत्रानं पाण्यात भरला आणि यीस्टला रजा दिली. आम्ही घरात करणारी मंडळी यीस्टला पुन्हा कामावर बोलावतो. पण यीस्टला थांब म्हणायचं काम मग आपल्याकडे येतं.

चार दिवसांनी मी काकांकडे गेले, माझ्याकडच्या दुसऱ्या बाटल्या घेऊन, रिकाम्या. माफी मागायची होती आणि कशी मागावी कळत नव्हतं. काका साखर कारखान्यात बॉयलरवर होते, तीस वर्षं. सरकारी परीक्षा देऊन पहिल्या वर्गाचं प्रमाणपत्र मिळवलेले. हंगामात रात्रपाळीला 32 किलोचं प्रेशर सांभाळलेला माणूस. त्यांनी बाटली हातात घेतली, चष्मा कपाळावर चढवला, कडांवरून अंगठा फिरवला. तारेची कडी, चिनी मातीचं बूच, चार सपाट बाजू, चार कोपरे. ती मी पेठेतून आणली होती, मुद्दाम चौकोनी, कारण फडताळात एकीला एक चिकटून बसतात आणि उजेड छान पाडतात.

"चौकोनी बॉयलर कधी बघितलायस?" त्यांनी विचारलं.

मी गप्प.

"गॅसची टाकी?"

मग त्यांनी वर्तमानपत्राच्या समासात पेन्सिलनं एक गोल काढला आणि एक चौकोन. गोलाच्या आतून बाहेर सगळीकडे बाण काढले. गोल भांड्यात दाब सगळ्या अंगावर सारखा पसरतो, कुठं एका जागी ताण पडत नाही. चौकोनाची सपाट बाजू आतून फुगायला बघते, कोपरा तिला धरून ठेवतो, सगळा ताण येतो तो कोपऱ्यावर. काच वाकत नाही, ती एकदम सोडते. बॉयलरचा पिंप गोल, त्याची दोन्ही तोंडंसुद्धा बाहेरून फुगीर, ती काय शोभेला नव्हे. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला होता. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झालेला माणूस पुन्हा पाळीवर आला होता. "आणि सेफ्टी व्हॉल्व्ह?" ते म्हणाले. "आमच्याकडं दोन असायचे. एक अडकला तर दुसरा. तुझ्या बाटलीला एकसुद्धा नाही." मी पुढच्या काचेचं, जाडीचं विचारत राहिले आणि ते सांगत राहिले. बोलता बोलता संध्याकाळ झाली.

उठताना मी म्हटलं, काका, आणखी एक सांगायचं राहिलंय. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. दर वर्षी पालखी पुण्यात येते तेव्हा ते दोन दिवस वारकऱ्यांच्या सेवेला जातात, आणि गुडघे धरले नव्हते तोवर पायी पंढरपूरला जायचे. पहिली बाटली दिली तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, "यात चढणारं काही नसतं ना?" मी हसून म्हटलं होतं, "छे हो काका, आलं-लिंबू आहे." चढत नाही हे खरंच. पण यीस्ट साखर खातं तेव्हा वायूबरोबर थोडा मद्यार्कही करतंच. घरच्या पेयात अर्धा-एक टक्का सहज असतो, उकाड्यात जास्त दिवस राहिलं तर त्याहूनही वाढतो. हे मला माहीत होतं. मी ते वाचलेलं होतं, मैत्रिणींना सांगितलेलं होतं. गरोदर असलेल्या एका मैत्रिणीला तर मी ते मुद्दाम दिलंच नव्हतं. काकांनी मात्र सरळ विचारलं, तर मी हसून वेळ मारून नेली. का, याचं उत्तर मला त्या दिवशीही देता आलं नाही. त्यांना आवडावं असं वाटत होतं, हे एक. आणि अर्ध्या टक्क्याला काय मोजायचं, असं मी त्यांच्या वतीनं ठरवून टाकलं होतं.

मी सगळं सांगितलं. ते माळेच्या मण्यावर बोट ठेवून ऐकत होते. पिकलेल्या केळ्यातही किंचित असतो, पावातही असतो, हे मी म्हणायला गेले आणि मध्येच थांबले.

"आधी सांगितलं असतंस तर बरं झालं असतं," ते म्हणाले. तेवढंच. मग उठून त्यांनी देवापुढचा दिवा लावला.

बाटली फुटल्यापेक्षा हे मला जास्त लागलं. काच तर त्यांनी केव्हाच झाडून टाकली होती.

त्यानंतर महिनाभर मी काही केलं नाही. आल्याच्या बरणीला फक्त जगण्यापुरतं आलं-साखर घालत होते, फ्रीजमध्ये ठेवून, आठवड्यातनं एकदा. तेव्हा बराच विचार झाला. मी लोकांना हे वाटताना प्रोबायोटिक, प्रोबायोटिक म्हणत असे. पोटाला उत्तम, पचनाला छान. 2001 साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी मिळून त्या शब्दाची जी व्याख्या केली, तीत जिवंत जंतू पुरेशा प्रमाणात दिले जाऊन आरोग्याला फायदा व्हावा असं म्हटलंय. माझ्या बाटलीत कोणते जंतू, किती, आणि त्यांनी कुणाचं काय भलं केलं, हे मी कधी मोजलेलं नाही. आत जिवंत काहीतरी आहे हे खरं, त्याचा पुरावा तर काकांच्या भिंतीवर होता. पण त्यापुढचं मी बोलायला नको होतं. आता तो शब्द मी वापरत नाही. चवीला सुंदर लागतं, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगू शकते. आजीची आंबील तर उकळलेली, तिच्या पिठातले जंतू चुलीवरच जायचे, वरून घातलेल्या ताकातले काय ते उरायचे. तिनं आंबिलीबद्दल एकच दावा केलेला मला आठवतो. उन्हाचं बरं असतं.

बरण्या आणि विरजणं एका घरातून दुसऱ्या घरात जाण्याची रीत सगळीकडे दिसते. इंग्लंडात आल्याची बिअर करायला एक दाणेदार गोळा असायचा, त्याला ते रोप म्हणायचे. तो वाढायचा, आणि वाढलेला भाग शेजारणींना दिला जायचा. हॅरी मार्शल वॉर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञानं 1892 मध्ये दाखवून दिलं की ते रोप नव्हेच, यीस्ट आणि जिवाणू यांचा तो एकत्र संसार आहे. माझ्या ऑफिसातल्या दिल्लीच्या मैत्रिणीनं मला कांजी शिकवली, काळी गाजरं, मोहरीची पूड, मीठ, तिखट, आणि बरणी उन्हात. आपल्याकडे ती गाजरं सहजी मिळत नाहीत म्हणून मी बीट घालते. तिनंही मला शिकवताना फोनवर वीस मिनिटं घेतली होती. मोहरी आजच दळलेली हवी, लाकडी चमचा हवा, वर पांढरं आलं तर घाबरू नको, हिरवं-काळं केसाळ आलं तर सगळं फेकून दे. तेव्हा मला तिच्यात आजी दिसली नव्हती. आता दिसते.

जुलैच्या सुरुवातीला, पाऊस लागल्यावर, मी पुन्हा केलं. चौकोनी बाटल्यांत आता डाळी भरल्यात. सोड्याच्या जुन्या गोल, जाड बाटल्या आणल्या. आमरस घातला नाही. आणि दर खेपेला एक बाटली प्लास्टिकची भरते, सोड्याचीच, धुतलेली. तिच्यात तेच पेय, तेवढीच साखर. ती बाहेरून दाबून बघायची. दबते आहे तोवर आत दाब कमी. दगडासारखी झाली की सगळ्या बाटल्या एकदम फ्रीजमध्ये. ही युक्ती जगभरची घरगुती पेयं करणारी माणसं वापरतात आणि मलाही ती ठाऊक होती, काचेच्या बाटल्यांच्या ओळीत प्लास्टिकची एक बरी दिसत नाही म्हणून मी ती सोडून दिली होती.

पहिल्या दिवशी संध्याकाळी काका वर आले, जिना धरत धरत. मी बोलावलं नव्हतं. "भरल्यास म्हणे बाटल्या," म्हणाले. नात गेल्यापासून त्यांच्या घरी संध्याकाळी फार शांत असतं. मी त्यांना प्लास्टिकची बाटली दाखवली, ती कशासाठी ते सांगितलं. त्यांनी ती दोन्ही हातांत धरली आणि मधोमध अंगठा दाबला. अंगठा आत गेला. "अजून नाही," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आले. मग दुपारी. पावसाची हवा होती, चढायला वेळ लागत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंगठा दाबला, मग दोन्ही अंगठे दाबले, बाटली कानाजवळ नेऊन टिचकी मारली. "झालं. ठेव आत. सगळ्या."

मी बाटल्या एकेक करून फ्रीजमध्ये आडव्या न ठेवता उभ्या ठेवल्या, आणि दार लावून वळले, तर ते खुर्चीत टेकले होते. ते यातलं पिणार नव्हते, हे आमच्यात न बोलता ठरलेलं होतं. मी ओट्यावरचं पातेलं उघडलं. रात्री नाचणीचं पीठ ताकात भिजवलं होतं, सकाळी शिजवून गार केली होती. मी आजीसारखं एका हातानं सोडायला गेले, तरी तळाला दोन-तीन गुठळ्या राहिल्याच. लसूण ठेचला, ताक घातलं, स्टीलच्या पेल्यात ओतून त्यांच्या पुढे केला.

"ही शिजवलेली आहे, काका. पीठ रात्रभर ताकात होतं, नऊ तास. सकाळी चांगली उकळलीय. ताक आजचं आहे, आमच्या दुधाचं. मीठ कमी आहे, तुम्हाला बीपी आहे म्हणून. लसूण कच्चा आहे. फ्रीजमध्ये ठेवली नव्हती, गार नाहीये."

ते पेला हातात धरून सगळं ऐकत होते. शेवटपर्यंत. मग मान हलवली आणि तोंडाला लावला.